क्वांटम-सुरक्षित आंतरबँक सहकार्य आणि सर्वसमावेशक कर्जपुरवठा : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

बँकिंग आणि संगणकशास्त्र यांच्या सीमेवर होणाऱ्या लेखनात गेल्या काही वर्षांत एक आराखडा वारंवार मांडला जात आहे. अनेक बँकांनी आपापल्या ग्राहकांची माहिती एकमेकींना न दाखवता कर्जदाराच्या पतपात्रतेचे एक सामाईक गणिती प्रारूप तयार करावे, त्यासाठी होणारी देवघेव भविष्यातील क्वांटम संगणकालाही उलगडता येणार नाही अशा कुलपाखाली ठेवावी, आणि त्या प्रारूपाच्या आधारे आजवर कर्जापासून वंचित राहिलेल्यांना कर्ज द्यावे, असा हा आराखडा आहे. सुरक्षितता, गोपनीयता आणि समावेशन ही तीन आश्वासने येथे एकाच वाक्यात दिली जातात. ती एकमेकांतून आपोआप निष्पन्न होतात असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा केली असून त्यासाठी पिंपरी-चिंचवड व चाकण हा औद्योगिक पट्टा डोळ्यांसमोर ठेवला आहे. प्रगत गणित आणि पतविरहित उद्योजक इतके जवळजवळ नांदतात अशी ठिकाणे राज्यात फार नाहीत. क्वांटम तंत्रज्ञानाचे केंद्र असलेली पुण्याची आयसर संस्था पाषाणला आहे, आणि भोसरीचे लेथ तेथून तासाभराच्या अंतरावर.

पट्ट्याचे अर्थकारण

1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना पिंपरीत आला. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि साठच्या दशकात टेल्को व बजाज यांच्यामुळे या भागाला वाहन उद्योगाचे रूप आले. 1970 मध्ये नगरपालिका आणि 1982 मध्ये महानगरपालिका झाली. पुढे हा विस्तार चाकण, महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी या गावांकडे सरकला. 2009 मध्ये फोक्सवॅगनचा प्रकल्प चाकणला सुरू झाला आणि मर्सिडीज-बेंझ व महिंद्र याही कंपन्या तेथे आल्या.

कर्जपुरवठ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट या मोठ्या नावांच्या खाली आहे. कंपनीला थेट माल देणारा पहिल्या फळीचा पुरवठादार, त्याच्यासाठी कास्टिंग वा फोर्जिंग करून देणारा दुसऱ्या फळीचा, आणि त्याच्याकडून जॉबवर्क घेऊन दोन सीएनसी व एक ड्रिलिंग मशीन चालवणारा तिसऱ्या फळीचा, अशी ही उतरंड आहे. पहिल्या फळीतल्याचे पैसे कंपनी देते. तिसऱ्या फळीतल्याचे पैसे दुसऱ्या फळीतला, त्याला मिळाल्यावर देतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 अन्वये 45 दिवसांत देयक चुकते करणे बंधनकारक आहे आणि विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागण्याचा हक्क आहे. तथापि जो उद्या पुन्हा काम देणार आहे त्याच्याविरुद्ध हा हक्क वापरणारा जॉबवर्कवाला विरळाच. त्यामुळे त्याचे खेळते भांडवल हाच त्याचा कायमचा प्रश्न ठरतो.

अशा उद्योजकाची माहिती कोठे असते, हे पाहणे येथे आवश्यक आहे. त्याचे चालू खाते एखाद्या राष्ट्रीयीकृत वा खासगी बँकेत असते, कारण काम देणारा तेथे पैसे पाठवतो. त्याचे मशीनकर्ज किंवा सीसी खाते नागरी सहकारी बँकेत असते, कारण तेथील शाखाधिकारी त्याला ओळखतो. दररोजची पिग्मी गावच्या पतसंस्थेत जाते. अडीअडचणीला पत्नीचे दागिने सोनेतारणासाठी तिसऱ्याच संस्थेत ठेवले जातात. भिशीची नोंद एका वहीत असते. एक माणूस अशा पाच ठिकाणी विभागलेला असतो आणि पाचांपैकी कोणत्याही एका ठिकाणाहून तो अर्धवटच दिसतो. बँकांनी मिळून पाहावे ही कल्पना मुळात या अडचणीतून आलेली आहे आणि तेवढ्यापुरती ती रास्तच आहे.

यापूर्वीचे मार्ग

ही अडचण ओळखणारा हा पहिला आराखडा नव्हे. 2000 मध्ये सिबिल स्थापन झाली आणि 2005 मध्ये पतमाहिती कंपन्यांविषयीचा कायदा झाला. त्यातून कर्जफेडीचा इतिहास एकत्र आला, परंतु ज्याने कर्जच घेतलेले नाही त्याचा इतिहास कोरा राहिला. रिझर्व्ह बँकेने वाय. एम. देवस्थळी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कृतिदलाने 2018 मध्ये सार्वजनिक पतनोंदणीची शिफारस केली. सर्व ऋणदात्यांची, लहानमोठ्या सर्व कर्जांची एकच नोंदवही, असे तिचे स्वरूप होते. 2023-24 च्या अर्थसंकल्पात हीच दिशा राष्ट्रीय वित्तीय माहिती नोंदणीच्या रूपाने पुन्हा मांडली गेली. मध्यवर्ती नोंदवहीचा गुण असा की तीत कोण सापडतो आणि कोण सापडत नाही हे निदान तपासता येते. तिचा दोषही उघड आहे. सर्वांची अंडी एका टोपलीत.

दुसरा मार्ग संमतीचा. रिझर्व्ह बँकेने 2016 मध्ये अकाउंट ॲग्रिगेटरविषयक निर्देश दिले आणि 2 सप्टेंबर 2021 रोजी आठ बँकांसह ही व्यवस्था सुरू झाली. ग्राहकाने परवानगी दिली की त्याच्या एका बँकेतील खात्याचा तपशील कर्ज देणाऱ्या दुसऱ्या संस्थेला बंद पाकिटात मिळतो. मधला ॲग्रिगेटर ते पाकीट उघडू शकत नाही. वस्तू व सेवा कराची विवरणपत्रेही पुढे या जाळ्यात आली. तिसरा मार्ग ट्रेड्सचा, म्हणजे बिलवटणावळीच्या इलेक्ट्रॉनिक बाजाराचा. 2017 पासून हे मंच कार्यरत झाले आणि नोव्हेंबर 2024 च्या अधिसूचनेने 250 कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यांवर नोंदणी बंधनकारक करण्यात आली. ट्रेड्सवर पुरवठादाराला खरेदीदाराच्या पतीवर पैसे मिळतात. ही खरोखर मोलाची सोय आहे, पण ती साखळीत जितक्या खाली जावे तितकी क्षीण होते. दुसऱ्या फळीतला कारखानदार 250 कोटींच्या आत असला की त्याच्याकडून बिल स्वीकारून घेण्याची सक्ती तिसऱ्या फळीतल्याला उपलब्ध नाही.

या सर्व मार्गांत कोणीतरी माहिती पाहतो. नव्या आराखड्याचे वेगळेपण असे की त्यात माहिती कोणीच पाहत नाही. प्रत्येक बँक आपल्या संगणकावर आपल्याच नोंदींवर प्रारूपाला शिकवते आणि केवळ शिकलेल्या आकड्यांचे बदल मध्यवर्ती ठिकाणी पाठवते. तेथे त्यांची बेरीज होते. फेडरेटेड लर्निंग या नावाने गूगलच्या संशोधकांनी 2016-17 च्या सुमारास मांडलेली ही पद्धत आहे.

बेरजेचे गणित

केवळ बदल पाठवल्याने माहिती सुरक्षित राहते ही समजूत फार काळ टिकली नाही. अशा बदलांवरून मूळ नोंदी बऱ्याच अंशी परत उभ्या करता येतात हे 2019 पासूनच्या संशोधनाने दाखवून दिले. म्हणून बदलसुद्धा झाकून पाठवावे लागतात. ते कसे, हे एका छोट्या उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा अ, ब, क या तीन बँकांचे आकडे अनुक्रमे 7, 5 आणि 3 आहेत. अ आणि ब यांनी आपसात 40 हा गुप्त आकडा ठरवला, अ आणि क यांनी 25, तर ब आणि क यांनी 60. प्रत्येक जोडीतील पहिली बँक तो आकडा मिळवते, दुसरी वजा करते. त्यामुळे अ कडून 72, ब कडून 25 आणि क कडून उणे 82 असे आकडे जातात. यांपैकी एकाही आकड्यावरून मूळ आकडा कळत नाही. तिघांची बेरीज मात्र 15 येते आणि तीच खरी बेरीज असते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुरक्षित बेरजेच्या पद्धतीचे हे सार आहे. गणित म्हणून ते सुंदर आहे यात शंका नाही.

परंतु याच उदाहरणात दोनच बँका ठेवून पाहाव्यात. बेरीज 12 आहे हे अ ला कळले आणि आपला आकडा 7 आहे हे तिला ठाऊकच आहे, तर ब चा आकडा 5 हे सांगायला क्वांटम संगणक लागत नाही. तीन बँका असतील आणि त्यांपैकी दोघींनी हातमिळवणी केली तर तिसरीचे तेच होते. गोपनीयता ही येथे कुलपाच्या प्रतीपेक्षा सहभागी संस्थांच्या संख्येवर आणि त्यांच्या परस्परसंबंधांवर अवलंबून असते. राष्ट्रीय पातळीवरील शेकडो बँकांच्या जाळ्यात ही अट सहज पुरी होते. एका औद्योगिक पट्ट्यातील मोजक्या सहकारी बँकांच्या जाळ्यात ती होईलच असे नाही. शिवाय एखाद्या लहान बँकेच्या शाखेत कास्टिंगवाले कर्जदारच दहा-पंधरा असतील तर त्या वर्गापुरती बेरीज ही जवळजवळ नावनिशीवार यादी ठरते.

यावर उपाय आहे. आकड्यांत मोजून-मापून थोडी अशुद्धी मिसळावी, म्हणजे कोणा एकाचा माग लागत नाही. 2006 पासून हे तंत्र सैद्धांतिक पायावर उभे आहे. पण अशुद्धी किती मिसळायची हे गटाच्या आकारावर ठरते. हजारो पगारदारांच्या नोंदींत ती मुरून जाते, पंधरा कास्टिंगवाल्यांच्या नोंदींत ती शिल्लक राहते आणि त्यांच्याविषयीचे अनुमानच बिघडवते. गोपनीयतेची किंमत सर्वांत लहान गटाला सर्वांत जास्त मोजावी लागते, आणि समावेशन करायचे आहे ते नेमक्या त्याच गटाचे. तिन्ही आश्वासने एका वाक्यात लिहिणाऱ्यांनी या ठिकाणी थांबायला हवे होते.

येथेच प्रतिपक्ष कोण, हा प्रश्न उपस्थित होतो. शोधनिबंधांतील प्रतिपक्ष बहुधा दूरदेशीचा हेर असतो. भोसरीतल्या कारखानदाराला कोणापासून लपायचे असते? त्याच्या कर्जाचा हप्ता थकल्याचे काम देणाऱ्याला कळू नये, शेजारच्या शेडमधील स्पर्धकाला आपला दर कळू नये, आणि बँकेच्या कर्ज समितीवर बसलेल्या त्याच व्यवसायातल्या संचालकाला आपल्या गिऱ्हाइकांची यादी मिळू नये, ही त्याची चिंता असते. सहकारी बँकेचा संचालक हा समाजातून, म्हणजेच बाजारपेठेतून आलेला असतो. ही सहकाराची ताकद आहे आणि तिचा हा दुसरा चेहराही आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2003 पासून नागरी सहकारी बँकांच्या संचालकांना व त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यास मनाई केली. माहिती कानावर पडण्यास मनाई कोणत्याही परिपत्रकाने होऊ शकत नाही.

क्वांटमचा धोका खरा किती

म्हणून क्वांटमचा धोका काल्पनिक आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पीटर शोर यांनी 1994 मध्ये दाखवून दिले की पुरेसा मोठा क्वांटम संगणक उपलब्ध झाल्यास आजच्या बहुतेक सार्वजनिक चाव्यांचे गणित कोसळते. मागील उदाहरणातील 40, 25 आणि 60 हे गुप्त आकडे बँका फोनवर ठरवत नाहीत. ते 1976 मध्ये डिफी व हेलमन यांनी मांडलेल्या पद्धतीने उघड्या जाळ्यावरून ठरतात. आज जाळ्यावरची सगळी देवघेव कोणी नुसती साठवून ठेवली आणि वीस वर्षांनी उलगडली, तर 40 हा आकडा मिळेल, आणि तो मिळाला की झाकण निघून 7 दिसू लागेल. अकाउंट ॲग्रिगेटरच्या बंद पाकिटालाही हेच लागू पडते. त्याच्या तांत्रिक विनिर्देशात चाव्यांची देवघेव कर्व्ह 25519 या लंबवक्राधारित पद्धतीने होते. आजच्या संगणकांपुढे ती भक्कम आहे, शोर यांच्या पद्धतीपुढे नाही.

येथे मोस्का यांचे साधे सूत्र उपयोगी पडते. माहिती जितकी वर्षे गुप्त राहायला हवी ती वर्षे आणि व्यवस्था बदलायला लागणारी वर्षे यांची बेरीज क्वांटम संगणक येण्यास लागणाऱ्या काळाहून अधिक असेल, तर उशीर झालेला आहे. पतमाहिती कंपन्यांनी नोंदी किमान सात वर्षे जपायच्या असतात. खेळत्या भांडवलाच्या कर्जाचे रहस्य फार तर तेवढाच काळ महत्त्वाचे असते. वीस वर्षांपूर्वीचा सीसी खात्यावरील उतारा पाहून कोणाचे काही बिघडत नाही. उलट माणसाची ओळख, आजारपणासाठी घेतलेले कर्ज, कुटुंबातील वाटणी, गहाण पडलेले दागिने या गोष्टी आयुष्यभर झाकलेल्या राहाव्यात अशीच अपेक्षा असते. तेव्हा सगळ्या माहितीला एकच कुलूप हवे की नको, हा विचार आराखड्यांत क्वचितच केलेला दिसतो. तो केला तर खर्चही कमी होईल.

कुलूप तयार आहे, हेही नमूद करायला हवे. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने 13 ऑगस्ट 2024 रोजी तीन क्वांटम-रोधक मानके प्रसिद्ध केली. त्यांतील एमएल-केईएम हे चाव्या ठरवण्यासाठी आहे, तर एमएल-डीएसए व एसएलएच-डीएसए ही डिजिटल स्वाक्षरीसाठी. जुन्या पद्धतीत 32 बाइटांची सार्वजनिक चावी पुरत असे, एमएल-केईएमच्या मधल्या श्रेणीत ती 1184 बाइटांची होते. स्वाक्षरी 64 बाइटांवरून 3309 बाइटांवर जाते. ऐकायला ही वाढ मोठी वाटते, पण दोन बँकांमधील जोडणीसाठी ती नगण्य आहे. फ्रान्स व जर्मनीच्या मध्यवर्ती बँकांनी आंतरराष्ट्रीय समझोता बँकेच्या लीप प्रकल्पात 2023 पर्यंत पॅरिस-फ्रँकफर्ट दरम्यान अशी जोडणी करून दाखवली. आकडे न उघडता त्यांच्यावर गणिते करण्याची जी 2009 नंतरची पद्धत आहे, तीही बहुतांशी जालकांच्या त्याच गणितावर उभी असल्याने मुळातच क्वांटम-रोधक आहे. अर्थात तिला लागणारी संगणनशक्ती लहान बँकेला परवडण्यासारखी नाही. सारांश, या आराखड्यातला सर्वांत भारदस्त वाटणारा भाग हाच प्रत्यक्षात सर्वांत सोपा आहे.

कुलूप आणि कडी

अवघड भाग कोणता, हे पुण्याने पाहिलेले आहे. 1906 मध्ये स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये सायबर हल्ला झाला. 11 ऑगस्टला बनावट कार्डांद्वारे 28 देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले, 13 ऑगस्टला स्विफ्टमार्गे हाँगकाँगला रक्कम पाठवली गेली. एकूण नुकसान सुमारे 94 कोटी रुपयांचे होते. यात कोणतेही कूटलेखन फोडावे लागले नाही. कार्डाला मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी दुसरीच यंत्रणा बसवण्यात आली आणि तिने प्रत्येक मागणीला होकार दिला. दाराचे कुलूप शाबूत होते, कडीच बाहेरून काढलेली होती.

जुलै 2024 अखेरची घटना अधिक बोलकी आहे. लहान बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला आपल्या जाळ्यातून काही काळ अलग ठेवले आणि देशभरातील सुमारे 300 लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार थांबले. सहकारी व ग्रामीण बँकांपैकी अनेकींचा संगणक हा असा भाड्याचा असतो. मग "माहिती बँकेच्या बाहेर जात नाही" या विधानाचा अर्थ काय राहतो? माहिती आधीच बाहेर आहे. तीन सहकारी बँकांची माहिती एकाच सेवापुरवठादाराच्या सर्व्हरवर असेल तर त्यांच्यात होणारी झाकलेली बेरीज ही एकाच घरातल्या तीन कपाटांमध्ये पडदे लावण्यासारखी आहे.

समावेशन कोणाचे

या चिकित्सेतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा समावेशनाचा आहे, कारण आराखड्याचे नैतिक समर्थन त्यावरच उभे आहे. प्रारूप ज्यांच्या नोंदींवर शिकते ते सर्व कोणत्या ना कोणत्या बँकेने कर्ज दिलेले लोक असतात. ज्यांना दारातूनच परत पाठवले त्यांनी कर्ज फेडले असते की नाही, याची नोंद कोणत्याच बँकेत नाही. पाच बँकांनी आपापले अज्ञान एकत्र केले म्हणून ज्ञान तयार होत नाही.

या पट्ट्यात वगळले गेलेले लोक कोण आहेत? चाकण परिसरातील अनेक छोटी वर्कशॉप बिगरशेती न झालेल्या जमिनीवर, भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. सातबारा दुसऱ्याच्या नावावर असतो आणि तारणाला काही नसते. एमआयडीसीचे भूखंड भाडेपट्ट्याचे असून हस्तांतराला महामंडळाची मान्यता लागते. कंत्राटी कामगाराचा ठेकेदार बदलला की पगाराचा सिलसिला कागदावर तुटतो, मशीन मात्र तेच राहते. स्त्रियांच्या बाबतीत तर पत असते आणि नाव नसते. दागिने तिचे, बचत गटाची नियमित परतफेड तिची, आणि कर्जखाते नवऱ्याचे. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने चिखली-कुदळवाडीतील भंगार गोदामे व छोट्या उद्योगांची हजारो बांधकामे पाडली. त्या कारवाईच्या कायदेशीर बाजूत येथे जाण्याचे कारण नाही. पण तेथील गोदामवाल्याच्या बाबतीत कर्ज बुडण्याचे कारण त्याच्या खात्याच्या कोणत्याही उताऱ्यात आधी दिसले नसते. ते जमिनीच्या कागदात होते.

ज्या संस्थांकडे या वगळलेल्यांची खरी माहिती आहे त्या आराखड्याच्या बाहेरच राहतात. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदल्या जातात आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखाली येत नाहीत. अकाउंट ॲग्रिगेटरच्या जाळ्यात माहिती देणारी संस्था वित्तीय नियामकांच्या कक्षेतील असावी लागत असल्याने त्यांना तेथे प्रवेश नाही. रोज संध्याकाळी पिग्मी एजंट टपरीवाल्याकडून आणि लेथवाल्याकडून जी रक्कम गोळा करतो, तिच्या चढउतारात त्या धंद्याची नाडी असते. ती नाडी पाहणारा माणूस आहे, प्रारूप नाही. आंतरबँक सहकार्याची कल्पना मांडणाऱ्यांनी बँक हा शब्द इतका काटेकोर घेतला की ज्यांच्यासाठी ती मांडली ते लोक त्या शब्दाच्या बाहेर उरले.

आणखी एक बाब अर्थशास्त्राची. अनेक बँका एकत्र आल्या की जोखीम वाटली जाते असे मानतात. येथे सगळ्यांचे कर्जदार एकाच वाहन उद्योगावर जगतात. 2019-20 मध्ये देशातील वाहनविक्री सुमारे 18 टक्क्यांनी घटली आणि वर्षाच्या अखेरीस टाळेबंदी आली, तेव्हा चांगला आणि वाईट कर्जदार एकाच वेळी थकला. त्या काळातील नोंदींवर शिकलेले प्रारूप पिस्टन व गिअर बनवणाऱ्या प्रत्येकाला धोकादायक ठरवील. विजेवरील वाहनांच्या काळात कदाचित ते बरोबरही ठरेल, पण चुकीच्या कारणाने. आणि पाचही बँका एकच प्रारूप वापरू लागल्या तर एका बँकेने नाकारलेल्याला दुसरीकडे जाण्याची जी संधी आज आहे ती संपते. पूर्वी एका शाखाधिकाऱ्याचा पूर्वग्रह दुसऱ्या शाखेत लागू पडत नसे.

नकाराचे कारण

रिझर्व्ह बँकेच्या 2003 च्या न्याय्य व्यवहार संहितेने लहान कर्जदाराला अर्ज नाकारण्याची मुख्य कारणे लेखी कळवण्याची अपेक्षा बँकांकडून केली. झाकलेल्या बेरजांतून तयार झालेल्या प्रारूपाच्या बाबतीत ही अपेक्षा पुरी करणे कठीण होते. बँकेला स्वतःच्या नोंदी दिसतात, इतरांच्या दिसत नाहीत, आणि निर्णयात दोहोंचा वाटा असतो. भेदभाव होतो आहे का हे तपासण्यासाठीही नोंदी पाहाव्या लागतात. पिनकोड, वस्ती, आडनाव यांची छाया प्रारूपात पडली असेल तर ती शोधणार कोण? जी गोपनीयता कर्जदाराचे रक्षण करते तीच येथे प्रारूपाच्या दोषाचेही रक्षण करते. पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी मान्य केलेला गोपनीयतेचा हक्क व्यक्तीचा आहे, प्रारूपाचा नाही, हे भान सुटता कामा नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 चे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतील बहुतांश बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. मशीनकर्जासाठी दिलेली संमती, त्याच नोंदीवर इतर बँकांसाठीचे प्रारूप शिकवण्यास पुरते काय? माहिती जागची हलली नाही एवढ्याने उद्देश बदलला नाही असे म्हणता येत नाही.

सहकारी बँकांच्या अंतर्गत कारभाराचा प्रश्न याहून वेगळा काढता येणार नाही. पिंपरीतील सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2022 मध्ये रद्द केला; तेथे नियमबाह्य कर्जवाटपाचे आरोप होऊन सक्तवसुली संचालनालयाचा तपासही झाला. त्याच वर्षी पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना गेला. अशा आरोपांची तड लागेपर्यंत त्या काळातील नोंदींना प्रामाणिक मानणे धाडसाचे आहे. कागदावर नियमित दाखवलेले कर्ज प्रारूपाला नियमितच शिकवते. एका बँकेच्या खोट्या नोंदी झाकलेल्या बेरजेतून इतर चारही बँकांत शिरतात आणि त्या कोठून आल्या हे शोधण्याची वाट पद्धतीनेच बंद केलेली असते.

मार्च 2024 मध्ये नागरी सहकारी बँकांची शिखर संस्था म्हणून राष्ट्रीय नागरी सहकारी वित्त व विकास महामंडळाचे कार्य सुरू झाले. नागरी सहकारी बँकांनी किमान निम्मी कर्जे लहान रकमांची ठेवावीत असा रिझर्व्ह बँकेचा निकष आहेच. सहकार्याचा प्रयोग करायचाच तर तो या शिखर संस्थेमार्फत, राज्यभरातील अनेक बँकांना घेऊन व्हावा, म्हणजे बेरजेतील संख्येची अट पुरी होईल आणि वाहन उद्योगाबाहेरचे कर्जदारही त्यात येतील. पतसंस्थांना प्रवेश द्यायचा की नाही हे तंत्रज्ञांनी ठरवण्याचा विषय नसून तो सहकार खात्याचा आणि रिझर्व्ह बँकेचा आहे. तो सुटेपर्यंत प्रत्येक सहभागी बँकेने नाकारलेल्या अर्जांपैकी थोड्या अर्जांना, मर्यादित रकमेची, जाणीवपूर्वक जोखीम घेऊन कर्जे द्यावीत व त्यांची परतफेड स्वतंत्रपणे नोंदवावी. आज कोणत्याच बँकेत नसलेली नोंद अशानेच तयार होईल. तिला पैसे लागतील, काही कर्जे बुडतील, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांना त्याचा हिशेब द्यावा लागेल.